टेंगूळ आलं म्हणून स्कॅन?

मूल पलंगावरून पडतं, कपाळावर टेंगूळ येतं आणि अपघात विभागात पोचताच आईवडील विचारतात, "सीटी स्कॅन करताय ना?" घाबरणं साहजिक आहे, पण मूल नीट शुद्धीवर असेल तर उत्तर बहुतेकदा 'नको' असंच असायला हवं. अमेरिकेतल्या 25 रुग्णालयांत डोक्याला मार लागलेल्या, शुद्धीवर असलेल्या 42,412 मुलांचा अभ्यास झाला; तो 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात मेंदूला गंभीर इजा निघाली ती शंभरातल्या एकाहूनही कमी मुलांना, मेंदूची शस्त्रक्रिया लागली अवघ्या 60 जणांना. स्कॅन मात्र तिघांतल्या एकाचा तरी झाला होता, आणि त्यातले क्ष-किरण मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त बाधतात.

"पण एखादं मूल सुटलं तर?" ही भीती खरी आहे. म्हणूनच या अभ्यासातून लक्षणांचे निकष ठरले, आणि पडताळणीत शस्त्रक्रियेची गरज असलेलं एकही मूल त्यांतून सुटलं नाही. दोन वर्षांखालच्या बाळाचं कपाळावरचं टेंगूळ सहसा चिंतेचं नसतं; तेच डोक्याच्या मागे किंवा बाजूला आलं, हाताला लिबलिबीत लागलं, तर डॉक्टर सावध होतात. काही तास नजरेखाली ठेवणं हीसुद्धा तपासणीच आहे. घरी नेल्यावर वारंवार उलट्या, झटके, वाढती डोकेदुखी किंवा उठवूनही न उठणं दिसलं, तर तडक परत या.