कोऱ्या कागदावरचा अंगठा

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने एक्सेलच्या फाईलवर बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. आमचे शाळेतील शिक्षण थोडके. कॉम्प्युटर आम्ही चाळिशी उलटल्यावर, कचेरीतल्या पोरांच्या शेजारी बसून शिकलो. परंतु आज मजुराची हजेरी, तेंदूपानाच्या फडावरील पुडक्यांचा हिशेब, विडी कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीची यादी, हे सारे एक्सेलच्या रकान्यांत असते. जेथे मजुराचा हिशेब, तेथे संघटनेच्या माणसाला जावेच लागते. म्हणून हा विषय.

प्रथम मॅक्रो म्हणजे काय ते पाहू. एक्सेलची साधी फाईल ही वहीसारखी असते. तिच्यात आकडे असतात, बेरजा असतात. पण वही आपण होऊन बाहेर काही करीत नाही. मॅक्रो म्हणजे त्याच वहीत लिहून ठेवलेली हुकमांची यादी. 'नावे गावाप्रमाणे लाव, प्रत्येकाची मजुरी काढ, पावत्या छाप', असे हुकूम एकदा लिहून ठेवले की तासाचे काम क्षणात होते. ही सोय खरोखर मोठी आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

अडचण निराळीच आहे. 1993 सालापासून एक्सेलमध्ये हे हुकूम ज्या भाषेत लिहितात, ती भाषा रकान्यांपुरती थांबत नाही. ती कॉम्प्युटरवरील दुसऱ्या फाईली उघडू शकते, पुसू शकते, इंटरनेटवरून परका प्रोग्रॅम आणून चालवू शकते. बेरीज करणाऱ्या कारकुनाच्याच कमरेला तिजोरीची किल्ली असावी, तसे हे झाले. 1996 साली 'लारू' नावाचा एक्सेलमधील मॅक्रो-विषाणू सापडला. तो फारसे नुकसान न करता एका फाईलीतून दुसरीत शिरत असे. पण वाट दिसली, आणि पुढे त्या वाटेने चोरही आले.

म्हणून एक्सेल अशी फाईल उघडताना वर पिवळी पट्टी दाखविते आणि तिच्यावर 'एनेबल कंटेंट' असे बटण देते. आता आजच्या व्याख्यानाचे सार ऐका. ही पट्टी फाईल वाईट आहे असे सांगत नाही. चांगली आहे असेही सांगत नाही. ती एवढेच म्हणते, 'या फाईलीत हुकूम आहेत, ते मी अडविले आहेत, सोडू काय?' हुकूम कोणते हे ती वाचून दाखवीत नाही. निर्णय सर्वस्वी आपला.

आपल्या वाडवडिलांनी सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठे लावले. मजकूर मागाहून भरला गेला आणि शेते गेली. पट्टीवरचे ते बटण हा तोच अंगठा आहे. शिवाय एकदा ते दाबले की एक्सेल ती फाईल विश्वासाची म्हणून लक्षात ठेवते. त्या कॉम्प्युटरवर तीच फाईल पुन्हा उघडताना सहसा विचारीतही नाही.

मग लोक विचार न करता ते का दाबतात? अडाणी म्हणून नव्हे, तर सवय लागली म्हणून. जीएसटीचे 3बी विवरण भरण्याचे सरकारी एक्सेल घ्या, किंवा प्राप्तिकराचे घ्या. ती मॅक्रोवर चालतात आणि ती वापरताना मॅक्रो सुरू करावेच लागतात. प्रामाणिक फाईलही तीच पट्टी दाखविते आणि लबाड फाईलही तीच. रोज वाजणाऱ्या भोंग्याकडे जसे कोणी लक्ष देत नाही, तसे या पट्टीचे झाले.

हे शहाणपण आम्ही फुकट मिळविलेले नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत थकबाकीच्या यादीच्या नावाने एक फाईल आली. आत आकडे दिसेनात. फक्त एक चित्र आणि त्यावर लिहिलेले, 'मजकूर वाचण्यासाठी बटण दाबा.' घाई होती. बटण दाबणारा हात कोणा पोराचा नव्हता, आमचाच होता. दुसऱ्या दिवशी आमच्या नावाने तीच फाईल आमच्याच सभासदांना जाऊ लागली. त्या कॉम्प्युटरमध्ये मजुरांचे बँकेचे खातेक्रमांक होते. कोणाचे पैसे गेले नाहीत. परंतु गावोगाव फिरून, 'आमच्या हातून चूक झाली, पासबुक तपासा' असे बायाबापड्यांना सांगावे लागले. आयुष्यभर इतरांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' म्हणून सांगणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

हा प्रकार आमच्यासारख्या लहान कचेऱ्यांपुरता आहे असे समजू नका. युक्रेन देशात 23 डिसेंबर 2015 रोजी तीन वीज कंपन्यांचे सुमारे सव्वादोन लाख ग्राहक काही तास अंधारात राहिले. चोर आत शिरले होते ते कित्येक महिने आधी, ई-मेलने आलेल्या आणि मॅक्रो लपविलेल्या फाईलींतून. कोणी तरी बटण दाबले होते. वीज परत आली ती उपकेंद्रांवर जाऊन हातांनी खटके चढविणाऱ्या कामगारांमुळे, हेही येथे नोंदविले पाहिजे.

2022 सालापासून मायक्रोसॉफ्टने एक सुधारणा केली. इंटरनेटवरून उतरविलेल्या फाईलीवर विंडोज एक खूण ठेवते. ती खूण असली की लाल पट्टी येते आणि मॅक्रो सुरू करण्याचे बटणच मिळत नाही. मात्र पेनड्राइव्हवरून आलेल्या फाईलीवर ही खूण नसण्याचा संभव असतो, आणि आपल्या चिचगडसारख्या गावी निम्मा कारभार पेनड्राइव्हवरच चालतो. तेव्हा लाल पट्टी आली नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

मग करावे काय? बटणाला हात लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. फाईल कोणी पाठविली? आपण ती मागितली होती काय? आणि या कामाला हुकमांची गरज आहे काय? नुसती यादी वाचायची असेल तर मॅक्रो बंद ठेवूनही आकडे दिसतात. जी यादी हुकूम सुटल्याशिवाय तोंड दाखवीत नाही, तिचा संशय धरा. शंका आली तर पाठविणाऱ्याला फोन करा. तोही त्या पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे, आपल्या वहीतल्या क्रमांकावर. 'साधी फाईल पाठवा' असे सांगा. नावाच्या शेवटी एक्सएलएसएक्स असेल तर तिच्यात मॅक्रो राहत नाही, एक्सएलएसएम असेल तर राहू शकतो, आणि जुन्या एक्सएलएसचा भरवसा नाही. सरकारी फाईल सरकारच्या संकेतस्थळावरूनच उतरवा, मित्राने पुढे ढकललेली नको. आणि पट्टीचा त्रास नको म्हणून सर्व मॅक्रो कायमचे मोकळे सोडण्याची सोय एक्सेलमध्ये आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. तो एक अंगठा नव्हे. ते साऱ्या दौलतीचे मुखत्यारपत्र आहे.

शेवटी एक गोष्ट मालकांना आणि साहेबांना. जो कारकून दिवसाला पन्नास फाईली उघडतो, त्याच्यावर चुकीचे सारे खापर फोडू नका. त्याला विचारायला, फोन करायला वेळ द्या. विचारले म्हणून रागावू नका. 'आधी वाचतो, मग अंगठा लावतो' हे म्हणण्याचा हक्क मजुराने मोठ्या कष्टाने मिळविला आहे. तो कॉम्प्युटरपुढे बसल्यावर संपत नाही.