अनुभवाचा दाखला

आपल्याकडे रुग्ण दवाखान्याच्या भिंतीवरील पदवी वाचत बसत नाही. ‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ ही गावाची साक्ष त्याला पुरेशी असते. मात्र हाच अनुभव सातासमुद्रापार न्यायचा म्हटले, की गावाची साक्ष निरुपयोगी ठरते. तेथे कागदच बोलावा लागतो. गेली काही वर्षे खानापूर तालुक्यातील तरुण डॉक्टर, परिचारिका आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ परदेशी स्थलांतराच्या अर्जासाठी अनुभवपत्र मागण्यास किंवा सल्ला विचारण्यास माझ्याकडे येतात. त्या निमित्ताने जे ध्यानात आले, ते व्यवसायबंधूंसमोर व समाजबांधवांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

परदेशी कार्यालय काय विचारते?

वानगीदाखल कॅनडा घेऊ. १९६७ साली त्या देशाने स्थलांतरितांच्या निवडीसाठी गुणपद्धती आणली आणि जानेवारी २०१५ पासून ‘एक्सप्रेस एंट्री’ ही व्यवस्था सुरू केली. तिच्यात शिक्षण, भाषा व वय यांच्या बरोबरीने कामाच्या अनुभवालाही गुण असतात. हा अनुभव सिद्ध करणारे पत्र संस्थेच्या छापील लेटरहेडवर असावे लागते. त्यात संस्थेचा पत्ता, दूरध्वनी व ई-मेल. सही करणाऱ्या वरिष्ठाचे नाव व हुद्दा. अर्जदाराने भूषविलेली पदे, प्रत्येक पदाची कर्तव्ये, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास आणि वार्षिक वेतन व इतर लाभ, इतका तपशील अपेक्षित असतो.

आपण मात्र वर्षानुवर्षे एकच मजकूर देत आलो आहोत : ‘यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले. त्यांचे वर्तन चांगले आहे. भावी आयुष्यास शुभेच्छा.’ शुभेच्छांना गुण नाहीत!

तेथील कुशल कामगार योजनेत गेल्या दहा वर्षांतील किमान एक वर्षाचा सलग, पूर्णवेळ अनुभव मागितला गेला. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला ३० तास, वर्षाचे १,५६० तास. त्याहून अधिक तास मोजले जात नाहीत. म्हणजे आठवड्याला साठ तास राबणाऱ्या सिस्टरचे वर्ष सहा महिन्यांत भरत नाही. शिवाय काम वेतन घेऊन केलेले असावे लागते. एमबीबीएस झाल्यावर ‘काकांच्या दवाखान्यात बसतो’ म्हणणाऱ्या पुतण्याचा तो काळ शिकण्याच्या दृष्टीने कितीही मोलाचा असो, हिशेबात शून्य ठरतो.

स्वतंत्र दवाखाना चालविणाऱ्यांची कसोटी याहून कठीण. व्यवसायाच्या मालकीचा पुरावा, त्यातील उत्पन्नाचा पुरावा आणि दिलेली सेवा व मिळालेला मोबदला यांविषयी तिऱ्हाइताचे कागद, असे तिन्ही द्यावे लागतात. स्वतःच स्वतःविषयी केलेले प्रतिज्ञापत्र ग्राह्य धरीत नाहीत. आणि हेही स्पष्ट असावे, की वास्तव्याचा परवाना निराळा व वैद्यक व्यवसायाचा परवाना निराळा. दुसऱ्यासाठी परीक्षांची वाट स्वतंत्रपणे चालावी लागते.

सात वर्षांची दोन वर्षे

आपल्या तालुक्यातील एका परिचारिकेची हकिकत सांगतो. तिने एका लहान नर्सिंग होममध्ये सात वर्षे इमानेइतबारे नोकरी केली. रात्री-अपरात्रीची बाळंतपणे, पावसाळ्यात रस्ते बंद झाले तरी न चुकणारी हजेरी, हे सारे गावाने पाहिले होते. पुढे तेथील डॉक्टर निवर्तले व नर्सिंग होम बंद झाले. नेमणूकपत्र कधी दिलेच नव्हते. हजेरीपट गहाळ झालेला. पगार पहिली पाच वर्षे रोखीने. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सामान्यतः वीस वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला लागू होतो. त्यामुळे तेथेही तिची नोंद नाही.

तिच्या वडिलांनी मला गळ घातली : “डॉक्टर, तुम्ही एक चिठ्ठी लिहून दिलासा की पोरीचं काम होतंय. तुमच्याकडंच होती म्हणून लिवा की!”

त्या पित्याची तळमळ खरी होती आणि मुलीचा अनुभवही खरा होता. तथापि मागितलेले पत्र खोटे होते. ते मी दिले नाही. कॅनडात खोट्या माहितीबद्दल पाच वर्षे प्रवेशबंदी होते. २०१४ पूर्वी ती दोन वर्षांची होती. सही करणाऱ्यालाही धोका आहेच : २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार असत्य वा दिशाभूल करणाऱ्या प्रमाणपत्राबद्दल डॉक्टरचे नाव नोंदणीपुस्तकातून वगळले जाऊ शकते.

मग आम्ही खऱ्या कागदांचा शोध घेतला. बँकेच्या पासबुकात शेवटच्या दोन वर्षांचे पगार सापडले. तेथे भूल देण्यास जाणाऱ्या डॉक्टरांनी, स्वतः पाहिले तेवढेच, लेटरहेडवर लिहून दिले. परिचर्या परिषदेचे नोंदणीपत्र होतेच. अखेर सातांपैकी दोनच वर्षे शाबीत झाली. गुणांच्या तक्त्यात परदेशातील तीन वा अधिक वर्षांच्या अनुभवाला दोन वर्षांपेक्षा जास्त गुण होते. तिचा अर्ज त्या खेपेस मागे पडला. उरलेली पाच वर्षे तिने केली होती; केवळ कोणी लिहून ठेवली नव्हती.

सीमाभागाची भर

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात, नंतर म्हैसूर राज्यात, आणि १९७३ पासून त्याच राज्याचे नाव कर्नाटक. १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगाव’चे सरकारी नाव ‘बेळगावी’ झाले. परिणामी एकाच तरुणाचा शाळेचा दाखला मराठीत, सरकारी उतारा कन्नडमध्ये व पासपोर्ट इंग्रजीत, आणि तिन्हींत आडनावाचे स्पेलिंग वेगवेगळे! परदेशी अधिकाऱ्याला हा इतिहास ठाऊक नसतो. नाव बदलल्याचा खुलासा अर्जासोबत साध्या शब्दांत जोडावा. मराठी व कन्नड कागदांची भाषांतरे अधिकृत अनुवादकाकडून करून घ्यावीत. घरच्या माणसाने केलेले भाषांतर कॅनडात चालत नाही, मग तो कितीही विद्वान असो.

आपण काय करावे?

उपाय खर्चिक नाहीत. रुजू होणाऱ्या प्रत्येकाला, अगदी मदतनिसालाही, एका पानाचे नेमणूकपत्र द्यावे. पगार बँकेतून द्यावा. हजेरीपट जपावा. नोकरी सोडताना, आठवणी ताज्या असतानाच, वर सांगितलेल्या सर्व तपशिलांसह अनुभवपत्र द्यावे. कर्तव्ये लिहिताना सरकारी यादीतील वाक्ये जशीच्या तशी उतरवू नयेत. ती व्यक्ती प्रत्यक्ष काय करीत होती ते लिहावे. मदतनिसाला परिचारिका म्हणू नये आणि परिचारिकेला ‘मुलगी’ म्हणून मोकळे होऊ नये. पडताळणीचा ई-मेल आला, तर तो वाचून उत्तर द्यावे. आपल्या मौनाने कुणाचा तरी अर्ज अडून राहतो.

स्वतःसाठीही काही पथ्ये आहेत. २००७ च्या कर्नाटक खाजगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखालील नोंदणीपत्र, आयकराची विवरणपत्रे आणि रुग्णनोंदवही एकत्र ठेवावी. दररोजचा रुग्ण, दिलेली सेवा व घेतलेली फी नोंदविण्यास १९६२ च्या आयकर नियमांनी ‘नमुना ३ क’ सांगितला होता. ज्यांनी तो कंटाळा न करता भरला, त्यांच्यापाशी आपल्या व्यवसायाची अखंड बखरच तयार आहे. आणि आपल्या मुलखातील पाऊस व वाळवी लक्षात घेता या साऱ्याची एक प्रत संगणकावरही असावी.

कोणी म्हणेल, मुले परदेशी जावीत म्हणून आपण का खपावे? जाणे वा राहणे हा ज्याचा त्याचा निर्णय. किंबहुना बहुतेक जण इथेच राहतील. त्यांनाही बेळगावच्या मोठ्या इस्पितळात वा सरकारी भरतीत हेच कागद लागतील. रुग्णाचा केसपेपर आपण निष्ठेने लिहितो. आपल्या बरोबरीने रात्र जागविणाऱ्यांच्या श्रमांची नोंद त्याच निष्ठेने ठेवणे, हे उपकार नव्हेत; ते त्यांचे आपल्याकडील देणे आहे.