भिवंडीतील यंत्रमाग कामगारांचे कौशल्य प्रशिक्षण

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे महाराष्ट्रातील यंत्रमागाच्या प्रमुख केंद्रांपैकी एक आहे. येथील कामगारांत उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगणातून आलेल्यांची संख्या मोठी असून बहुतेक जण हे काम प्रत्यक्ष मागावरच शिकतात. औपचारिक प्रशिक्षणाच्या योजना उपलब्ध असल्या, तरी त्यांपैकी कोणती उपयोगी पडेल हे कामगार ज्या यंत्रावर उभा आहे त्यावर आणि शिकताना बुडणाऱ्या मजुरीवर अवलंबून असते.

कामावरील शिक्षण

नवा कामगार सहसा एखाद्या नातेवाइकाच्या किंवा गावकऱ्याच्या शेजारी उभा राहून शिकतो. तुटलेला धागा जोडणे, धोट्यातील रिकामी कांडी बदलणे आणि त्यानंतर एकाच वेळी अनेक माग सांभाळणे, अशी ही वाटचाल असते. मागाची जुळणी व दुरुस्ती जॉबर करतो. विणकराने जॉबर होणे ही या धंद्यातील खरी बढती होय. मात्र ती विद्या लेखी अभ्यासक्रमातून नव्हे, तर जॉबरच्या हाताखाली राहून मिळते. साध्या मागावरील अनुभव रेपियर किंवा एअरजेट यांसारख्या धोटाविरहित मागांवर अंशतःच कामी येतो, कारण त्यांत आडवा धागा नेण्याची पद्धतच निराळी असते. अशा मागांकडे वळू पाहणाऱ्या विणकराला स्वतंत्र प्रशिक्षणाची गरज भासते.

मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर मिळत असल्याने वर्गात गेलेला दिवस बिनपगारी ठरतो. मालकाने तो भरून दिला नाही, तर विनाशुल्क अभ्यासक्रमही कामगाराला महागच पडतो.

शासकीय योजना

केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या ‘समर्थ’ या योजनेला २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. तिच्या संघटित क्षेत्रासाठीच्या भागात वस्त्रोद्योगाची संपूर्ण साखळी समाविष्ट असली, तरी सूतकताई आणि विणकाम वगळलेले आहे. म्हणजेच भिवंडीचा मूळ व्यवसायच त्या भागाबाहेर राहतो. शिलाईकडे वळणाऱ्यास मात्र तिचा लाभ होऊ शकतो.

अनुभव आहे पण प्रमाणपत्र नाही, अशांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वार्जित कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय करण्यात आली. यात दीर्घ वर्ग नसल्याने मजुरी कमी बुडते. तथापि मापावर मिळणारा दर प्रमाणपत्रामुळे आपोआप वाढत नाही.

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये उमेदवारास विद्यावेतन मिळते, ही तरुणांच्या दृष्टीने मोठी जमेची बाजू आहे. २०१९ मधील नियमबदलानुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक, तर ४ ते २९ कामगार असलेल्यांना ऐच्छिक आहे. लहान कारखान्यांत त्यामुळे सारे मालकाच्या इच्छेवर राहते.

गोदामांतील पर्याय

शहराभोवती वाढलेल्या गोदामांमुळे फोर्कलिफ्ट चालवणे, मालसाठ्याची संगणकीय नोंद ठेवणे अशी कौशल्येही स्थानिक तरुणांपुढे आली आहेत. यांपैकी पहिल्यासाठी प्रत्यक्ष वाहनावरील सराव आवश्यक असतो, तर दुसऱ्यासाठी वाचन-लेखन व संगणकाची ओळख. मागावर अनेक वर्षे घालवलेल्या कामगाराचे विणकामातील कसब येथे फारसे उपयोगी पडत नाही.