विज्ञानकथेतील घडविलेला सैनिक

युद्धकथेतील वीराच्या हाती शस्त्र असते. विज्ञानकथेने त्याचा देहच शस्त्रशाळेत नेला. हा बदल दोन अमेरिकन कादंबऱ्यांच्या तुलनेने स्पष्ट होतो. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९५९) मध्ये सैनिकाचे बळ यांत्रिक चिलखतात आहे. ते उतरविले की आतला देह मनुष्याचाच असतो. जॉन स्कॅल्झी यांच्या 'ओल्ड मॅन्स वॉर' (२००५) मध्ये मात्र ७५ वर्षांच्या वृद्धांची जाणीव नव्या, तरुण देहात उतरविली जाते. त्या देहाची त्वचा हिरवी, रक्त कृत्रिम व अधिक प्राणवायू वाहणारे, आणि मेंदूत गणकयंत्र बसविलेले. येथे देह हेच चिलखत. सेवेची मुदत संपेपर्यंत ते उतरविता येत नाही.

नीतीचा प्रश्न येथेच उद्भवतो. या वृद्धांनी करारावर निदान सही केलेली असते. परंतु 'द घोस्ट ब्रिगेड्स' (२००६) या पुढील कादंबरीत, सेवेत दाखल होण्यापूर्वीच निवर्तलेल्यांच्या जनुकद्रव्यापासून प्रौढ सैनिक घडविले जातात. त्यांना बालपण नाही, आणि घडविण्यापूर्वी त्यांची संमती विचारणे शक्यच नाही.

म्हणून अशा कथा केवळ अद्भुतरम्य मानणे आम्हांस अपुरे वाटते. महाभारतातील कर्णाचे कवचही जन्मजात होते. तथापि ते देण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा होता. विद्यार्थ्यांपुढे या कथा ठेवताना सैनिकाच्या बळाआधी त्या देहाचा धनी कोण, हे शिक्षकांनी विचारावे.