डोळ्यातला जंत आणि कुत्र्यावरचा आळ

जनावरांच्या अंगात वाढणारे काही जंत माणसाच्या डोळ्यात सापडतात. हा प्रकार दुर्मीळ असला तरी खरा आहे. मात्र अशी बातमी आली की तिच्याबरोबर एक समजही पसरतो: कुत्र्याला हात लावला, तोच हात डोळ्याला लागला आणि जंत आत शिरला. मग गल्लीतली कुत्री हाकलली जातात, पाळलेले पिल्लूही घराबाहेर जाते. हा समज कितीदाही खोडला तरी पुन्हा डोके वर काढतो, आणि खऱ्या कारणांकडे दुर्लक्ष होते ते त्याच्यामुळेच.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाखाली वळवळणारा, दोऱ्यासारखा लांब जंत भारतात बहुधा डायरोफिलारिया रेपेन्स जातीचा असतो. त्याच्या सर्वाधिक नोंदी केरळातल्या आहेत. कर्नाटक आणि महाराष्ट्रातही तो आढळला आहे. पूर्ण वाढलेला जंत कुत्र्याच्या कातडीखाली राहतो आणि त्याच्या सूक्ष्म अळ्या रक्तात फिरतात. रक्त पिताना त्या डासाच्या पोटात जातात, तिथे काही दिवस वाढतात आणि डास पुढे चावतो तेव्हा नव्या शरीरात उतरतात. डासाच्या अंगातली ही वाढ झाल्याशिवाय अळी माणसाला लागूच शकत नाही. त्यामुळे कुत्र्याला दिवसभर कुशीत घेतले तरी हा जंत होत नाही, आणि ज्याने आयुष्यात कुत्र्याला हात लावला नाही त्याला तो होऊ शकतो. साचलेले पाणी तसेच ठेवून कुत्र्याला हाकलणाऱ्याने काहीच साधलेले नसते.

दुसरा जंत टॉक्सोकॅरा कॅनिस. मुलांच्या दृष्टीला त्याचा धोका जास्त आहे. तो कुत्र्याच्या, विशेषतः लहान पिल्लांच्या आतड्यात राहतो. पिल्लांना तो आईच्या पोटातच मिळतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, पण ताज्या विष्ठेतले अंडे लागण करत नाही. आतली अळी तयार व्हायला मातीत साधारण दोन ते चार आठवडे लागतात. कुत्र्यांच्या केसांवरही ही अंडी सापडली आहेत. मात्र त्यांतली बहुतेक अपक्व होती. त्यामुळे मुख्य वाट आहे ती मातीची: अंगणातली किंवा मैदानातली वाळू, न धुतलेले हात, न धुतलेली भाजी. आणि ही अंडी डोळ्यातून नव्हे, तोंडावाटे आत जातात. आतड्यात अळी बाहेर येते, रक्तातून फिरते आणि क्वचित डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचते. कुत्रा निघून गेला तरी मातीतली अंडी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. पिल्लांना दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला जंताचे औषध देणे, विष्ठा लगेच उचलणे आणि मुलांचे हात धुणे, एवढे केले तरी पिल्लाला घराबाहेर काढावे लागत नाही.

डोळ्यातल्या या अळीचे स्वरूप कळले तेही एका गंभीर गोंधळातून. 1950 मध्ये हेलेनॉर वाइल्डर यांनी काढून टाकलेले डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांतले बरेचसे डोळे कर्करोगाच्या संशयाने काढलेले होते. 24 डोळ्यांत जंताच्या अळ्यांच्या खुणा निघाल्या. त्या अळ्या टॉक्सोकॅराच्या आहेत हे 1956 मध्ये स्पष्ट झाले.

शौचाच्या तपासणीत काही दिसले नाही म्हणजे धोका नाही, हाही चुकीचा समज आहे. टॉक्सोकॅरा माणसात प्रौढ होत नाही, त्यामुळे माणसाच्या विष्ठेत त्याची अंडी येतच नाहीत. शाळेत मिळणारी जंताची गोळी आतड्यातल्या जंतांसाठी असते. डोळ्याच्या रक्षणासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये. डोळ्यात डायरोफिलारिया दिसला म्हणून अंगभर शेकडो जंत असतील असेही नाही. तो बहुधा एकटाच असतो आणि एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. गुरांच्या डोळ्यातले जंत माणसाला होत नाहीत, हे मात्र आता म्हणता येणार नाही. 2016 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातील एका स्त्रीच्या डोळ्यातून थेलाझिया गुलोसा या गुरांच्या जंताचे 14 कृमी निघाले. हा जंत पसरवते अश्रूंवर बसणारी माशी.

घरगुती उपाय तर साफ टाळावेत. चीन आणि व्हिएतनाममध्ये दुखऱ्या डोळ्यावर बेडकाचे कच्चे मांस बांधण्याची जुनी रीत आहे. त्या मांसातली स्पार्गानम नावाची अळी थेट डोळ्यात शिरल्याच्या नोंदी आहेत.

आवरणाखालचा जंत नेत्रतज्ज्ञ डोळा बधिर करून छोट्या शस्त्रक्रियेने काढतात. त्यानंतर बहुधा औषधही लागत नाही. टॉक्सोकॅराचे तसे नाही. तिथे दाह आवरण्यासाठी स्टिरॉइड, कधी शस्त्रक्रिया लागते, आणि गेलेली दृष्टी परत येईलच असे नसते. मुलाच्या एका डोळ्याची बाहुली पांढरट दिसली किंवा डोळा अचानक तिरळा झाला तर वाट न पाहता नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. याच लक्षणांमागे कर्करोगही असू शकतो आणि दोन्हींतला फरक घरी ओळखता येत नाही.