गाडीच्या किल्लीतला सेल बदलताना

रिमोटचं बटण दोनतीनदा दाबल्यावरच गाडी उघडू लागली किंवा अगदी दाराशी जाऊन दाबावं लागलं, की किल्लीतला सेल संपत आला असं समजावं. एवढ्यासाठी सर्व्हिस सेंटर गाठायची गरज नसते.

बऱ्याच किल्ल्यांत सीआर 2032 हा नाण्यासारखा लिथियम सेल असतो. आकड्यातच त्याचं माप आहे: व्यास 20 मिमी, जाडी 3.2 मिमी. काहींत सीआर 2025 असतो. तोही 3 व्होल्टचाच, पण जाडी 2.5 मिमी. म्हणून ‘चालतंय की’ म्हणत एकाच्या जागी दुसरा बसवू नये. पातळ सेल सैल राहतो आणि किल्ली मधूनच दगा देते. जुन्यावरचा नंबर वाचूनच नवा घ्यावा. घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

स्मार्ट किल्लीत धातूची पात लपवलेली असते. ती काढली की बहुधा तिथेच खाच दिसते. चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळून तो खाचेत हलकेच पिरगळावा. सेलची अधिक खुणेची बाजू वर होती की खाली, याचा उघडताक्षणीच फोटो काढून ठेवावा.

सेल पार संपला तरी अडत नाही. पातीनं दार उघडावं. स्टार्ट बटणाजवळ किल्ली धरली की अनेक गाड्या सुरू होतात, कारण आतल्या चिपला लागणारी ऊर्जा गाडीच पुरवते. नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत असते.

जुना सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळल्यास अन्ननलिकेला 2 तासांतही गंभीर इजा होऊ शकते. नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठावं.