घाटवाटांनी वर आलेलं जग

कात्रजचा घाट म्हटला की मराठी माणसाला १६६३ सालची ती रात्र आठवते. लाल महालावर छापा पडला, बैलांच्या शिंगांना पलिते बांधून घाटात सोडले आणि मोगल फौज त्या उजेडामागे धावली, अशी ती कथा. तिच्यावरून वाक्प्रचारही रूढ झाला. घाटाचं रोजचं काम मात्र माणसं आणि माल पोचवण्याचं. आजही पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला ट्रक डोंगर ओलांडतो आणि खेड-शिवापूरच्या नाक्यावर टोल भरतो. मध्ययुगातल्या दख्खनच्या राजसत्ता अशाच वाटांवर आणि नाक्यांवर उभ्या होत्या. खाली कोकणात बंदरं, वर देशावर शेती आणि बाजारपेठा, मध्ये सह्याद्री. बंदर आणि घाट ज्याच्या हाती, त्याची तिजोरी भरलेली.

पुण्याचा परिसर या पटावर फार लवकर येतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने इ.स. ७६८मध्ये दिलेला एक ताम्रपट तळेगावला सापडला. त्यात ‘पुनक विषय’ असा उल्लेख आहे. विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा. राजाची छावणी त्या वेळी कर्नाटकात, गंगवाडीत होती. तिथून त्याने कऱ्हाडच्या ब्राह्मणांना पुण्याजवळचं एक गाव दान दिलं, आणि त्या गावाच्या शिवा सांगताना थेऊरसारखी आज सहज ओळखू येणारी गावं नोंदवली. कर्नाटकातली मोहीम, कऱ्हाडचे दानपात्र आणि मुळा-मुठेकाठची जमीन एका पत्र्यावर येतात, यावरून त्या राज्याचा पल्ला किती होता ते दिसतं. एवढं राज्य वाटांशिवाय चालत नाही.

याच राष्ट्रकूटांना अरब लेखक ‘बल्हरा’ म्हणत. नवव्या शतकात जगातल्या चार थोर राजांमध्ये ते बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा बादशहा यांच्याबरोबर बल्हराचं नाव घेत. अरबांशी तो चांगलं वागतो, ही त्यांच्या कौतुकाची मुख्य बाब होती. बगदादचा अल मसूदी इ.स. ९१६च्या सुमारास चौलला आला. तिथे राष्ट्रकूटांचा मांडलिक शिलाहार राजा झंझ राज्य करत होता. सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान तिथे राहतात, त्यांतले कित्येक तिथेच जन्मले आहेत आणि त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला आहे, असं मसूदीने लिहून ठेवलं.

याहून बोलका पुरावा पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीचा आहे. तिथे मिळालेल्या इ.स. ९२६च्या ताम्रपटात संजाणच्या एका अधिकाऱ्याची हकीकत येते. त्याचं नाव मधुमती, म्हणजे महंमद. जातीने तो ताजिक, म्हणजे अरब. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने संजाणचा मुलूख त्याच्या हाती दिला होता. आसपासच्या बंदरांचे नाईक त्याने जिंकले आणि आपली माणसं नेमली. नदी ओलांडायला फुकट नाव सुरू केली. वाटसरूंसाठी अन्नछत्र घातलं आणि तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप वाढण्याची सोय केली. एका ब्राह्मणाने देवीची मठिका बांधली, तेव्हा तिच्या खर्चासाठी गाव आणि जमीन तोडून देण्यात याच अधिकाऱ्याचा पुढाकार होता. अकराव्या शतकातल्या शिलाहारांच्या लेखात संजाणच्या ‘हंजमन’ मंडळींचाही उल्लेख येतो. ती पारशांची पंचायत. एकाच बंदरात देवीचा मठ, अरब कारभारी आणि इराणातून आलेले अग्निपूजक नांदत होते. मला ९२६चा हा पत्रा आपल्या इतिहासातला अत्यंत मोलाचा ऐवज वाटतो, कारण यात शब्दांचा फुलोरा कमी आणि भात, तूप, नाव, जमीन जास्त आहे.

घोडे हा या व्यापारातला महागडा माल. दख्खनच्या हवेत चांगली पैदास होत नसे, म्हणून ते अरबस्तान आणि इराणातून गलबतांनी येत. ठाण्याचा राजा समुद्रावरच्या चाच्यांना लुटू देतो आणि बदल्यात पकडलेले सगळे घोडे स्वतः घेतो, असं मार्को पोलोने लिहिलं आहे. फौजेसाठी राजे कुठवर जात, हे त्यावरून कळतं.

१३४७मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं. त्याचा वजीर महमूद गावान हा मूळचा गिलानचा, दाभोळ बंदरात व्यापारी म्हणून उतरलेला. सुलतानाने त्याला ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा सरदार, असा किताब दिला. याच काळात, १४७०च्या सुमारास, रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितिन एक घोडा घेऊन चौलला उतरला. व्होल्गा नदीवर लुटला गेलेला, कर्जबाजारी, धर्माची पुस्तकंही गमावलेला माणूस. पाली आणि उंब्रीमार्गे तो आपल्या पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरला आला आणि पावसाळ्यात तिथेच अडकला. चिखल, पेरण्या, कातळावर वसलेलं शहर, वर जाणारी एका माणसापुरती अरुंद वाट, सगळं त्याने टिपलं. घोड्यांना इथे हरभरे घालतात आणि साखर-तेल घालून खिचडी शिजवतात, हे वाचताना पाच शतकांपूर्वीचं जुन्नर समोर उभं राहतं.

जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा जप्त केला. हा मुसलमान नाही हे कळल्यावर सांगितलं: धर्म बदल, घोडाही मिळेल आणि हजार सोन्याची नाणीही, नाही तर घोडाही जाईल आणि हजार नाणी उलट तुझ्याकडूनच वसूल होतील. मुदत चार दिवसांची. निकितिन उपासात प्रार्थना करत बसला. तेवढ्यात खोरासानचा ख्वाजा महंमद नावाचा गृहस्थ तिथे आला. निकितिनने त्याचे पाय धरले. त्याने खानाकडे रदबदली केली, धर्माची अट उठली आणि घोडा परत मिळाला. पुढे तो बिदरला विकला गेला. खानाने धाक घातला आणि त्याच्याच धर्माच्या परक्या माणसाने सोडवलं, दोन्ही खरं आहे. मध्ययुगात सगळे गुण्यागोविंदाने राहत होते असं म्हणणाराही चुकतो आणि सगळी कापाकापीच होती असं म्हणणाराही. चौल, संजाण, जुन्नर ही गावं वाहत्या व्यापारावर जगत होती आणि तो वाहता ठेवण्याची गरज राजांनाही होती, मठांनाही.

या इतिहासाचे साक्षीदार अजून शेताच्या बांधावर उभे आहेत. चौलजवळच्या आक्षीचा जुना मराठी शिलालेख वर्षानुवर्षं रस्त्याकडेला पडून होता. असे शापवचनाचे गधेगळ, वीरांच्या स्मरणाचे वीरगळ आणि दानाचे दगड कोकणात आणि देशावर कित्येक देवळांच्या मागे सापडतात. सुट्टीत कात्रज ओलांडून गावी जाल तेव्हा आपल्या देवळाचा परिसर नीट बघा. कोरीव अक्षरं दिसली तर त्यावर शेंदूर किंवा ऑइलपेंट चढू देऊ नका, पायरी म्हणून वापरू नका. स्वच्छ फोटो काढा, गावाचं नाव लिहा आणि जवळच्या इतिहास संशोधन मंडळाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा.